टाळू नवी, पण ती आपणहून हलत नाही

घशाच्या कॅन्सरनंतर मऊ टाळू, म्हणजे तोंडाच्या छताचा मागचा मऊ भाग, पुन्हा बनवण्यावरचा लेख आवडला, पण एक मुद्दा ठळक यायला हवा होता. मनगटाजवळची कातडी रक्तवाहिन्यांसकट आणून टाळू बनवली, तरी ती आपणहून हलत नाही. घशाच्या बाजूच्या भिंती आत सरकून तिला भिडतात, तेव्हा नाकाची वाट बंद होते. फट राहिली की पाणी नाकातून येतं, हवा निसटते. माझ्या बाबांनी ‘बस’ म्हटलं की ‘मस’ ऐकू यायचं. उलट फार घट्ट शिवलं तर झोपेत श्वास अडतो. म्हणून डॉक्टरांना कळकळीची विनंती, स्पीच थेरपिस्टशी गाठ ऑपरेशनच्या आधीच घालून द्या. आणि ऑब्च्युरेटर, म्हणजे भोक झाकणारी, कवळीसारखी काढता-घालता येणारी पट्टी, हा खराखुरा पर्याय आहे. लेखात तो एका ओळीत उरकलाय.