मी चुना लावला, त्याने मला

पहिला दिसला तेव्हा मी बायकोला हाक मारून कौतुकाने दाखवला होता, हे आधीच कबूल करतो. माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या लाइव्ह रॉकच्या (समुद्री जीव चिकटलेल्या दगडाच्या) फटीतून बोटाच्या पेराएवढं, काचेसारखं आरपार दिसणारं, तपकिरी झाक असलेलं काहीतरी बाहेर आलेलं, वर झिरमिळ्या, मस्त डुलतंय. म्हटलं, वा, दगडाबरोबर ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) फुकटात आला! पिपेटने थोडा आर्टेमियापण (टँकमध्ये खाऊ म्हणून घालतात तो कोळंबीसारखा बारीक जीव) नेऊन भरवला. त्याचं नाव ऐप्टेशिया आणि रीफ टँकवाले, म्हणजे घरात कोरल पाळणारे, ते नाव साडेसातीसारखं घेतात हे कळेपर्यंत एकाचे नऊ झाले होते आणि शेजारची झोॲन्थिडची (बटणांसारख्या दिसणाऱ्या, कोरलच्या भाऊबंदांची) कॉलनी डंख खाऊन खाऊन तोंड मिटून बसली होती. भटाला दिली ओसरी म्हणतात ते हेच, फक्त इथे भटाला वाढलंही मीच.

नऊच तर आहेत, म्हटलं घासून काढू, आणि जुना टूथब्रश घेऊन टँकमध्ये कोपरापर्यंत हात घातला. महिन्याभरात नवाचे किती झाले ते मी मोजलं नाही. याच्या तळव्याचा एवढासा तुकडा दगडाला चिकटून राहिला तरी त्याचा नवा ॲनिमोन होतो. रक्तबीजाचं निदान रक्त तरी सांडावं लागायचं, हा नुसता जागा बदलायला सरकला तरी मागे तुकडे टाकत जातो, आणि मी तर ब्रशने पेरणीच केली होती.

मग चुना. म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट, सिरिंजने थेट त्याच्या तोंडावर सोडायची. आधी सगळे पंप बंद करायचे, नाहीतर पेस्ट उडून कोरलवर बसते, आणि एका दिवशी तीन-चारच गाठायचे, कारण चुना जास्त झाला की पाण्याचा पीएच भसकन वर जातो. मी पंप बंद केले, श्वास रोखला, सुई हळूऽहळू जवळ नेली, आणि सुई नुसती टेकली तर तो सुर्रकन फटीत. अर्धा तास मी तसाच वाकून. शेवटी आलाच बाहेर, मी नेम धरला, दाबलं, आणि पेस्ट पडली ती नेमकी माझ्या सगळ्यात लाडक्या कोरलवर. बायको म्हणाली, "अरे, चुना कोण कोणाला लावतंय नक्की?"

पुढे कोळंबी आणली. पेपरमिंट श्रिम्प ऐप्टेशिया खाते (खाते म्हणजे मूड असला तर). माझी तर पेपरमिंट नव्हतीच, दुकानदाराने त्या नावाखाली कॅमल श्रिम्प दिली होती. पाठीला पोक आणि अंगावर पांढऱ्या रेघा, मी त्याला नक्षी समजलो. तिने ऐप्टेशियाकडे ढुंकूनही बघितलं नाही, उरलेले झोॲन्थिड मात्र आवडीने खाल्ले. तिला पकडायला पुन्हा दगड उपसावे लागले ते वेगळंच.

शेवटी बर्गिया. ही एक नखाएवढी समुद्री गोगलगाय, शंख नसलेली, आणि आयुष्यात ऐप्टेशियाशिवाय दुसरं काही खात नाही. बरं, नुसती खात नाही तर त्याच्या डंखाच्या पेशी न पचवता स्वतःच्या पाठीवरच्या झिपऱ्यांत साठवून ठेवते, म्हणजे चोरीच्या हत्यारावर स्वसंरक्षण! सहा आणल्या. रात्री सोडल्या, सकाळी एकही दिसेना, आठवडाभर दिसेना, मी रोज रात्री दोनला टॉर्च घेऊन काचेला नाक लावून. पैसे बुडाले असं धरून चाललो होतो तेवढ्यात काचेवर पांढऱ्या अंड्यांचं चकलीसारखं वेटोळं दिसलं, आणि तिथून पुढे दोन-तीन महिन्यांत दगड खरंच साफ झाले.

आता पंचाईत अशी की ऐप्टेशिया संपले की बर्गिया उपाशी मरतात. ज्यांनी टँक वाचवला त्यांना असं कसं मरू द्यायचं? म्हणून सध्या खिडकीत एक बरणी आहे, खारं पाणी, छोटा एअर पंप, आणि आत सम्पमधून (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीतून) शोधून आणलेले चार ऐप्टेशिया. वाढत नाहीयेत लेकाचे. काल एक जरा मलूल दिसला म्हणून मी पिपेटने आर्टेमिया भरवत होतो, तर मागून बायकोने विचारलं, "पुन्हा तूच वाढतोयस?"