लेयो ऐकून मुलगी भान हरपत नाही

काल मामीने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. चीनमधले बूयी लोक 'लेयो' नावाची पिपाणी वाजवून मुलींवर मोहिनी घालतात, सूर कानी पडला की मुलगी त्या मुलामागे निघून जाते. शिवाय हे वाद्य मुळात आपली सनई आणि नावही 'लय'वरून आलेलं, असं त्यात सांगितलंय. त्याखाली माझ्या बारा वर्षांच्या भाचीने विचारलं, "खरंच असं होतं?" म्हणून हे लिहायला बसले.

मोहिनीचं आधी. ही थाप त्या मुलींची बदनामी करते. बूयी भाषेत 'ले' म्हणजे लहान सनईसारखं वाद्य आणि 'यो' म्हणजे ज्याच्यावर जीव जडलाय ते माणूस. तोंडाने बोलायला अवघड ते मुलगा सुरांतून सांगतो, एवढंच. त्यांच्याकडे तरुण मुलंमुली बाजारात, सणाला भेटतात, मध्यस्थामार्फत विचारणा होते, मग गाण्यातून सवाल-जवाब चालतात. मुलीला नको असेल तर ती नाही म्हणते. जिथे तिला विचारलं जातं, तिथेच तिची शुद्ध हरपते असं सांगायचं म्हणजे काय? आपल्या गडचिरोलीतल्या माडिया आदिवासींच्या गोटुलबद्दलही, म्हणजे गावातली तरुण पोरं जिथे जमतात त्या घराबद्दलही, बाहेरच्यांनी असंच वाट्टेल ते पसरवलं. तरुण पोरं एकत्र गायली-नाचली की काही लोकांना दुसरं काही सुचतच नाही. २०२०च्या जनगणनेत बूयींची संख्या ३५ लाखांहून जास्त आहे, बहुतेक ग्वीचौ प्रांतात. एवढ्या माणसांबद्दल असं बिनदिक्कत बोलायचं?

चीनने २००८ साली राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या, म्हणजे जपायच्या परंपरागत कला-रिवाजांच्या, दुसऱ्या यादीत लेयो घेतलं, ते पारंपरिक संगीत म्हणून. जादूटोणा म्हणून नव्हे.

सनईशी नातं आहे, हे मान्य करते. दोन्ही दुहेरी पत्तीची वाद्यं, म्हणजे फुंकल्यावर तोंडाशी जोडलेल्या दोन पत्त्या थरथरून सूर निघतो. लेयोच्याच जातीच्या चिनी 'सुओना' या वाद्याचं नाव फारसी 'सुर्ना'वरून आलं आणि सनईचं नावही अभ्यासक तिकडेच नेतात. म्हणजे नातं चुलत झालं. लेयो आपल्या सनईपासून जन्मलं हे त्यातून निघत नाही.

'लय'ची व्युत्पत्ती तर नुसत्या उच्चारावर बेतलेली. बूयी भाषा थाई आणि चीनमधलीच च्वांग या भाषांच्या कुळातली, आणि नावाचा अर्थ वर दिलाच आहे.

बरं, व्हिडिओत दिसतं ते लेयोही नाही. बांबूच्या उभ्या नळ्यांचा तो जुडगा म्हणजे लुशेंग, मुख्यतः म्याओ या चीनमधल्या दुसऱ्या समाजाचं वाद्य. लेयोला एकच नळी असते.

मामी, तो व्हिडिओ आजच काढून टाक. आणि ज्यांना पुढे पाठवलास त्यांना हे पाठव.