क्रॉसिंग बघायला मसाई माराला निघालात? मग एवढं कराच

जुलै लागला की आपल्या ओळखीतलं कोणी ना कोणी केनियातल्या मसाई मारा रिझर्व्हला 'क्रॉसिंग' बघायला, म्हणजे विल्डबीस्ट नावाच्या दांडग्या कुरंगांचे कळप मारा नदी ओलांडतात ते बघायला, निघतंच. खाकी शर्ट, गोल टोपी, मागे लँड क्रूझर, असे फोटो यायला लागतात. यंदा तुमचा नंबर लागला असेल तर अभिनंदन, आणि आता जरा नीट ऐका, कारण एवढे लाखो रुपये घालून नुसतं जंगल बघून परत येणारी भोळी माणसंही असतात आणि तुम्हाला त्यांच्यात जाऊन बसायचं नाहीये.

निघायच्या आधीची तयारी पटकन सांगतो. यलो फीव्हरची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, पण तुम्ही ती आदल्या आठवड्यावर ढकला, म्हणजे परत आल्यावर विमानतळावर अडवून क्वारंटाइनमध्ये ठेवतील आणि आयता आराम मिळेल. भडंग, चकल्या, बाकरवडी सगळं प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांत भरा. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि २०२० पासून पार्कात पाण्याच्या फेकायच्या बाटल्यासुद्धा चालत नाहीत, पण आपण पाहुणे आहोत, पाहुण्यांना कोण काय बोलणार.

आता मुद्द्यावर येऊ. मायग्रेशन हा एक शो आहे हे डोक्यात पक्कं बसवा. गाइड तुम्हाला वेगळंच काहीतरी ऐकवायला बघेल, की बारा-तेरा लाख विल्डबीस्ट, सोबत लाखोंनी झेब्रे आणि गॅझेल, हे सगळं लटांबर वर्षभर पावसामागे आणि कोवळ्या गवतामागे टांझानियातलं सेरेंगेटी ते केनियातलं मारा असं गोल फिरत असतं, फेब्रुवारीच्या सुमाराला ते पार खाली टांझानियात न्दुतूच्या माळावर असतं, तिथे दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं होतात, मग हळूहळू वर सरकत सरकत जुलै-ऑगस्टला माराकडे येतं, आणि मारा नदी ते एकदाच ओलांडत नाही तर पाऊस कुठे पडला त्याप्रमाणे इकडून तिकडे आणि तिकडून इकडे कितीही वेळा ओलांडतं. छान आहे, पण ऐकत बसू नका. मध्येच तोडा आणि विचारा, "ते सगळं ठीक आहे हो, क्रॉसिंग किती वाजता?" तो हसेल. हसू द्या, पण सोडू नका. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत 'दिवस तिसरा, सकाळी रिव्हर क्रॉसिंग' असं छापलेलं आहे, ते विल्डबीस्टांनी वाचलं नसेल तर तो काय तुमचा दोष नाही.

आणि फीचा हिशोब तोंडपाठ ठेवा. परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर माराची एन्ट्री दिवसाला २०० डॉलर, तीही सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढीच. म्हणजे तासाला सोळा-सतरा डॉलर. या रेटने शेणकिडा बघणं परवडत नाही. गाइड मात्र गाडी थांबवणार आणि शेणाचा गोळा ढकलणारा किडा दाखवणार, मग निळ्या-जांभळ्या पंखांचा रोलर पक्षी, मग गवतात नाग हुडकत ऐटीत चालणारा सेक्रेटरी बर्ड. एकदा तर तो कोरी बस्टर्ड दाखवेल, हा आपल्या माळढोकाचा चुलतभाऊ, उडणाऱ्या पक्ष्यांमधल्या सगळ्यात वजनदार मंडळींपैकी एक, आणि इथे बिनधास्त माळावर फिरत असतो. तुम्ही म्हणायचं, "पुढे घ्या." माळढोकच बघायचा असता तर सोलापूरजवळ नान्नजला नसतो गेलो का? (गेला नाहीत, आणि आता जाऊन तो दिसायची आशाही फार नाही, पण हे गाइडला कुठे माहितीये.)

प्रत्येक ग्रुपमध्ये एक काका असतात जे दुसऱ्या दिवशी विचारतात, "वाघ कुठल्या साइडला असतात?" त्यांना कोणी आफ्रिकेत वाघ नसतो असं सांगू नका, ट्रिप खराब होते त्यांची.

सिंह दिसेल तेव्हा तो झोपलेला असेल. दिवसातले १८-२० तास तो झोपतोच आणि शिकार बहुतेक रात्रीची करतो. यात सिंहाची चूक नाही असं गाइड म्हणेल, पण तासाचा रेट बघता ही सरळ सरळ फसवणूक आहे, तेव्हा टाळ्या वाजवा, शीळ घाला, गाडीचा पत्रा ठोका, काय जमेल ते करा. सिंहाने मान उचलून बघितलं की रील झालं.

चित्त्याचं तंत्र वेगळं. तो बिचारा दिवसाढवळ्या शिकार करतो, कारण रात्री सिंह आणि तरस त्याच्या तोंडचा घास पळवतात. म्हणजे आपल्या ऑफिस टायमिंगला परफेक्ट. रेडिओवर स्वाहिलीतून 'दुमा' असं काहीतरी कुजबुजलं की समजा चित्ता सापडला, ड्रायव्हरला म्हणा "हाण," आणि तिथे पोहोचाल तेव्हा ऑलरेडी वीस गाड्या असतील. एका प्राण्यापाशी एका वेळी पाचच गाड्या असा नियम आहे, बाकीच्यांनी लांब थांबून नंबर लावायचा, पण सगळ्यांनीच असा विचार केला की आपण पाचवे आहोत तर प्रश्नच मिटतो. २०१८ साली मारामधल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास आला होता, पर्यटक कमी असलेल्या भागात एका मादीची सरासरी २.३ पिल्लं मोठी होत होती आणि जिथे पर्यटकांची गर्दी जास्त तिथे ०.२. आता ०.२ पिल्लू म्हणजे नेमकं केवढं हे तुम्हीच ठरवा, पण फोटो पूर्ण आईचा येतो ना, झालं तर.

आणि हे जमणार नाही अशी भीती बाळगू नका, आपला सराव झालेला आहे. २०२४ च्या ३१ डिसेंबरला आपल्याच उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना सफारीच्या जिप्सींनी दोन्हीकडून कोंडून दाखवलं होतं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. एवढ्या मोठ्या पातळीवर दखल घेतली गेलेली आपली माणसं, मारात काय कमी पडणार.

बरं, आता क्रॉसिंग. इथे खरी कसोटी लागते. कळप नदीकाठी येऊन थांबतो, हजारोंनी, धुळीत, सगळे एकसारखे हुंकारत. पुढचे पाण्याकडे बघतात, मागचे ढकलतात, कोणीतरी एक झेब्रा खाली उतरून पाणी हुंगतो, सगळे श्वास रोखतात आणि तो परत वर येतो. असं तासन् तास चालतं, कधी कधी संध्याकाळपर्यंत चालतं आणि कळप वळून चरायला निघून जातो. शहाणे गाइड यावेळी गाड्या काठापासून लांब झुडपांआड लावतात, पहिले प्राणी पाण्यात उतरून रांग लागली की मगच पुढे घेतात. तुम्ही हे अजिबात होऊ देऊ नका. शेजारची गाडी दोन फूट पुढे सरकली की तुमची चार फूट सरकवा, मग ती सहा, मग सगळेच, असं करत करत ज्या उतारावरून कळप खाली यायचा होता नेमक्या त्याच उतारावर पार्किंग झालं पाहिजे. आणि मग कळप उतरेना की घड्याळ बघून वैतागा, "काय राव, एवढे घाबरट प्राणी."

त्याहून वरची पायरी गाडीतून उतरण्याची. २०२५ च्या जुलैमध्ये उत्तर सेरेंगेटीत कोगातेंदेला पर्यटक उतरून थेट काठावर जाऊन उभे राहिले होते आणि विल्डबीस्टांना वाटच उरली नाही, तो व्हिडिओ जगभर फिरला. म्हणजे लोक क्रॉसिंगचा व्हिडिओ काढायला गेले आणि त्यांचाच निघाला.

समजा एवढं करूनही क्रॉसिंग झालंच, तर मगर बघा, फक्त मगर. तिने धरलं नाही तर पैसे वाया. प्रत्यक्षात बहुतेक विल्डबीस्ट मगरीने मरत नाहीत, बुडून आणि चेंगरून मरतात, एका संशोधनानुसार मारा नदीत वर्षाला सरासरी सहा हजारांवर, आणि त्या मढ्यांतला अगदी थोडा भाग मगरी खातात, बाकी गिधाडं, माराबू करकोचे आणि मासे, आणि हाडं पुढे कितीतरी वर्षं नदीत हळूहळू विरघळत तिला पोसत राहतात. पण कुजक्या वासाचा रील बनत नाही, तेव्हा त्या बाजूला वारा आला की काच वर घ्या.

कोणी सुचवेल की रिझर्व्हच्या बाहेर कॉन्झर्व्हन्सी आहेत, मसाई कुटुंबांच्या जमिनी भाड्याने घेऊन केलेल्या, तिथे गाड्या मोजक्या सोडतात, भाडं त्या कुटुंबांना मिळतं, शांतता असते. नको. शांततेत तुम्ही आलात हे कळणार कोणाला?

शेवटच्या दिवशी फीडबॅक फॉर्म देतील. गाइडने गाइडांच्या संघटनेची परीक्षा देऊन सिल्व्हर लेव्हल मिळवलेली असेल, साठ प्राणी आणि दीडशे पक्षी दाखवले असतील, रोज पहाटे पाचला चहा घेऊन उभा असेल, ते सगळं बाजूला ठेवा. क्रॉसिंग पन्नास टक्केच झालं असं लिहा आणि टिपही पन्नास टक्केच द्या.

आणि एवढा खर्च पुन्हा झेपणार नसेल तर पुढच्या वेळी फेब्रुवारीत जा. जानेवारी ते जून माराची फी निम्मी असते, १०० डॉलर. हॉटेलं स्वस्त, रस्त्यावर गाड्या नाहीत, नदीकाठी अगदी पुढची जागा हमखास मिळते. सकाळी सहालाच जाऊन बसा, आणि ड्रायव्हर काही सांगायला लागला तर त्याला म्हणा, तू गप रे, आम्हाला सगळं माहितीये.