पाण्यावरचं विमान आणि काठावरची माणसं

आपल्याकडे सी-प्लेनची चर्चा दर काही वर्षांनी पुन्हा वर येते. 2014 साली जुहू ते पवना धरण अशी सेवा सुरू झाली, ती टिकली नाही. 31 ऑक्टोबर 2020 ला साबरमती ते केवडिया विमान सुरू झालं. महिनाभरात ते देखभालीसाठी मालदीवला न्यावं लागलं आणि 2021 मध्ये सेवाच थांबली. तरी धोम, गंगापूर या धरणांची नावं अधूनमधून निघतातच, आणि वाद होतो तो तिकिटावर आणि पर्यटकांवर. पाण्याकाठी काय लागतं, हे कुणी विचारत नाही. ते पाहायचं असेल तर इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनच्या खाडीच्या तोंडाशी कॅलशॉट आहे.

गोट्या-वाळूची ही चिंचोळी जिभली. ब्रिटिश नौदलाने 1913 मध्ये इथे समुद्री विमानांचा तळ उभारला. मोकळ्या समुद्राच्या लाटा आइल ऑफ वाइट बेट अडवतं, म्हणून जागा निवडली. पहिल्या महायुद्धात इथून पाणबुड्यांवर गस्त चाले आणि शेजारीच नवे वैमानिक घडत. शिकणाऱ्यांचा भार इतका वाढला की 1917 मध्ये खाडीपलीकडे ली-ऑन-सोलेंटला वेगळी शाळा काढावी लागली.

शिकवणीची उडती बोट, म्हणजे बोटीसारख्या तळाचं विमान, होती नॉर्मन थॉम्पसन एन.टी.2बी. लाकडी तळ, गुरू-शिष्य शेजारी शेजारी, दोघांच्याही हातात नियंत्रण. ट्रॉलीवर ठेवून ती पाण्यात जाणाऱ्या उतारावरून खाली सोडत, आणि कमरेएवढ्या थंड पाण्यात उभी माणसं ट्रॉली काढून घेत. पाण्यावर ब्रेक नसतो; इंजिन लागलं की विमान निघालंच, आणि शेपटीवर वारा बसला की नाक आपोआप वाऱ्याकडे वळतं. उड्डाणाला आधी नियंत्रणाचा दांडा मागे ओढायचा. तळाच्या पायरीवर, म्हणजे बुडाला असलेल्या आडव्या टप्प्यावर, विमान चढलं की हळूच पुढे सोडायचा. घाई केली तर नाक पाण्यात घुसतं.

नवख्याला वाटतं, शांत पाणी सोपं. उलट, आरशासारखं पाणी तळाला धरून ठेवतं, कारण लाटा नसल्या की खाली हवा शिरत नाही. मग मोटरबोट फिरवून पाणी ढवळावं लागतं. अशा पाण्यावर उतरताना उंचीही कळत नाही, म्हणून काठाजवळून, इंजिन थोडं चालू ठेवून, एकसारखं खाली यायचं.

खरं काम उतरल्यावर. गोड्या पाण्याने धुणं, तळातलं पाणी उपसणं, तारांना ग्रीस. खारं पाणी राहिलं की धातू खातं, लाकूड भिजलं की वजन वाढतं आणि विमान उठतच नाही.

1929 आणि 1931 च्या श्नायडर स्पर्धेत, म्हणजे समुद्री विमानांच्या शर्यतीत, ब्रिटिश संघ इथूनच उडाला. 1931 मध्ये वेग ताशी 340 मैल होता. त्यामागेही हेच उतार आणि हीच काठावरची माणसं होती. 1961 मध्ये तळ बंद झाला. हँगर मात्र राहिले, त्यातल्या एकात पुढे सायकलींचा ट्रॅक झाला.

आपल्या धरणांना खारेपणाचा त्रास नाही, ही मोठी जमेची बाजू. पण मे महिन्यात पाणी कितीतरी खाली जातं. ऑगस्टमधल्या काठावर बांधलेला उतार तेव्हा चिखलात संपतो, त्याला तरंगती, बिजागरीवर हलणारी जेट्टीच हवी. बुडालेली झाडांची खोडं आणि मासेमारीची जाळी दर उड्डाणाआधी पाहायला बोट हवी. घाटातून वळून येणारा वारा वर्षभर मोजायला हवा, आणि सुट्या भागांसह मेकॅनिक जवळच हवा. धोमच्या पुढच्या घोषणेत मला तिकिटाआधी एवढं वाचायचं आहे.