चावऱ्या मांजराचे संगोपन आणि पाहुण्यांची व्यवस्था

आपल्या घरी माणसांना चावणारे आणि ओरबाडणारे मांजर असावे, अशी इच्छा कोणी उघडपणे बोलून दाखवत नाही. तरीही धरमपेठेतल्या फ्लॅटपासून महालातल्या वाड्यापर्यंत अशी मांजरे सुखाने नांदत आहेत, त्या अर्थी ती घडवण्याची विद्या आपल्या नागपूर शहरात बऱ्याच जणांना अवगत असली पाहिजे. ज्यांचे मांजर दुर्दैवाने अजून गरीब राहिले आहे, त्यांनी निराश होऊ नये. थोड्या चिकाटीने कोणतेही मांजर मार्गाला लावता येते.

सुरुवात पिल्लापासूनच करावी. पिल्लू आठ ते बारा आठवडे आईजवळ आणि भावंडांत राहिले, तर जोरात चावल्यावर समोरचा किंचाळतो आणि खेळ मोडतो, एवढा धडा ते कुस्ती खेळता खेळता शिकून जाते. म्हणून ते चौथ्या आठवड्यातच उचलून आणावे. त्याच्यासाठी चेंडू किंवा पिसे बांधलेली काठी आणण्याचा खर्च करू नये. स्वतःची बोटे त्याच्या नाकासमोर नाचवावीत, रात्री चादरीखाली पायाचा अंगठा हलवावा आणि त्याने झडप घातली की घरच्या सर्वांना हाक मारून, ‘पाहा, पाहा, कशी शिकार करून राहिली!’ असे म्हणत व्हिडिओ काढावा. या वयात त्याला २६ दुधाचे दात असतात आणि त्यांनी गुदगुल्यांपलीकडे फारसे काही होत नाही. सहा-सात महिन्यांचे होईपर्यंत ते दात पडून ३० पक्के दात येतात, सुळे लांब आणि अणकुचीदार होतात. परंतु दात बदलले म्हणून खेळाचे नियमही बदलले, हे त्या मांजराला कोणी कळवू नये. कालपर्यंत ज्या अंगठ्यासाठी त्याला शाबासकी मिळत होती, त्याच अंगठ्यासाठी आज त्याच्या पाठीत चप्पल बसावी. त्यातही एकवाक्यता टाळावी. बाबांनी हसावे, आईने ओरडावे आणि आजीने दोघांनाही दोष देऊन मांजरापुढे दुधाची वाटी ठेवावी.

मोठे मांजर चावण्यापूर्वी बरीच पूर्वसूचना देते, ही यातली खरी अडचण आहे. अंगावरून हात फिरवणे नकोसे झाले की त्याची घुरघुर थांबते, शेपटीचे टोक आपटू लागते, पाठीची कातडी थरथरते, कान मागे वळून चपटे होतात आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. यांतले एकही लक्षण दिसू नये म्हणून मालकाने या काळात मोबाईलकडे पाहत राहावे आणि दुसरा हात न थांबता चालू ठेवावा. मांजराने लोळून पोट दाखवले, तर ते पोट चोळण्याचे निमंत्रण आहे असेच समजावे. त्या अवस्थेत त्याचे चारही पंजे मोकळे असतात आणि पुढच्या प्रत्येक पंजाला पाच, मागच्याला चार, अशी एकूण १८ नखे कामाला तयार असतात, ही माहिती शेजारच्या लहान मुलांना आधी देऊन त्यांचा विरस करू नये. सर्व आटोपल्यावर ‘अचानकच चावली हो’ असे म्हणावे.

यानंतर गरज लागते ती सिद्धांताची. घरातले मांजर पाहुण्याला चावले, तर मालकाची मान खाली जाण्याचा संभव असतो; ती वर राहावी यासाठी ‘आमच्या माऊला माणसं बरोबर कळतात’ हे विधान फार उपयोगी पडते. या एका विधानाने चावा घेणारे मांजर पारखी ठरते आणि चावून घेणारा मनुष्य संशयित ठरतो. मार्च सरत आला की नागपुरात कूलर झाडपूस करून सुरू करतात. जुनी, कुजलेली खस काढून नवी बसवायला आलेल्या माणसाला, आपले मांजर थंडीभर त्याच कूलरमध्ये झोपत होते, हे सांगण्याचे कारण नाही. तो जाळीमागे कोपरापर्यंत हात घालतो, आतून एक फुत्कार ऐकू येतो आणि हात बाहेर येतो तेव्हा मनगटावर चार बारीक ठिपके असतात, त्यांतल्या दोहोंतून रक्ताचे थेंब वर येत असतात. मालकाने सोफ्यावरून न उठता ‘काही नाही करत जी ते, खेळून राहिलं’ एवढेच म्हणावे. तो बिचारा मनगट पँटीला पुसतो आणि तार पिळून खस बांधू लागतो, कारण ऊन तापायच्या आत त्याला आणखी घरे गाठायची असतात. मांजराने त्याला पहिल्याच भेटीत ओळखले, याबद्दल संध्याकाळी चहावर कौतुक करावे.

या पारखीत एक नियमितपणा दिसेल, तिकडे लक्ष देऊ नये. मांजर ज्यांना वाईट ठरवते, त्यांत कुरियरवाला असतो, सिलिंडर आणणारा असतो, भांडी घासणाऱ्या मावशी असतात आणि फार तर उमरेडहून आलेली नवऱ्याची आत्या असते. मुलीला पाहायला आलेल्या मंडळींपैकी कोणाच्या पोटरीला ते लागलेच, तर सिद्धांत तेवढ्यापुरता मागे घेऊन ‘आज तिची तब्येत बरी नाही’ असे सांगावे आणि तर्रीपोहे पुढे करावेत. मावशींच्या बाबतीत मात्र सिद्धांत कायम ठेवावा. त्या ओल्या हाताने काम करतात, साबणाच्या पाण्यात जखम चिघळते, चार दिवस त्या येत नाहीत. ते चार दिवस पगारातून कापावेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला गंभीर इजा होण्याचा संभव असताना निष्काळजीपणा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण मावशींनी ती संहिता वाचलेली नसते, आणि आपण ती वाचून दाखवण्याइतके आपले संबंध घरोब्याचे नसतात.

जखमेचे पाहू. मांजराचे सुळे बारीक असल्याने वरून केवळ टिपका दिसतो आणि लाळेतले जंतू मात्र खोल, कधी सांध्यापर्यंत पोहोचतात. पाश्चुरेला नावाच्या जंतूमुळे एका दिवसाच्या आतच हात सुजून लाल होऊ शकतो. त्यामुळे ‘एवढंसंच तर आहे’ हे वाक्य पहिल्या काही तासांतच वापरून घ्यावे. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी असे डॉक्टर सांगतात. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी भाजते, या सबबीवर ते टाळता येते. त्याऐवजी हळद, चुना, तिखट, जे हाताला लागेल ते भरावे. रेबीजचा विषय कोणी काढलाच, तर ‘आमची माऊ घराबाहेर जातच नाही’ असे ठामपणे सांगावे आणि ते सांगताना माऊ कुंपणाच्या भिंतीवरून उतरत असल्यास पाहुण्याला खिडकीकडे पाठ करून बसवावे. लस दंडात घेतल्यास ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी, कातडीत घेतल्यास ०, ३, ७ आणि २८ या दिवशी घेतात, रक्त काढणाऱ्या चाव्याला जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडेही टोचतात, आणि मेडिकल व मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत लस मिळते. ही माहिती दाबून ठेवून ‘पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात’ ही आजोबांच्या काळची गोष्ट सांगावी, म्हणजे माणूस आपोआप घरी बसतो. लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या मुलाला पहिली लस ६ जुलै १८८५ रोजी टोचली. आपल्याकडे पिवळी मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जावी म्हणून मिरवून जाळायचा पुतळा, निघू लागली तीही १८८५ सालीच, असे सांगतात. एकाच वर्षाच्या या दोन उपायांपैकी आपण घरचा निवडावा आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणताना आत्याबाईंच्या मनगटाचा उल्लेख करावा. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजचा रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, ही एक बाब त्या मिरवणुकीत बोलण्यासारखी नाही.

सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिकडे फिरकू नये. एरवी शांत असलेले मांजर एकाएकी चावू लागले तर त्याचे दात किंवा सांधे दुखत असतील, खिडकीबाहेरच्या अनोळखी बोक्यावरचा राग ते जवळच्या माणसावर काढत असेल, असे काहीबाही तेथे ऐकावे लागते आणि आपला पारख्याचा सिद्धांत धोक्यात येतो. नसबंदी करावी, नखांची फक्त टोके कापावीत, ओरबाडायला सुतळी गुंडाळलेला खांब द्यावा, चावल्यास न मारता खेळ थांबवून उठून जावे, असले कमी खर्चाचे सल्ले तर मुळीच मानू नयेत, कारण त्यांनी गुण येण्याची भीती असते. फारच झाले तर नखे कायमची काढून टाकण्याची चौकशी करावी. त्यात बोटाचे शेवटचे पेर हाडासकट कापतात आणि पंजे दुखरे झालेले मांजर पुढे दातांवरच अधिक विसंबते, त्यामुळे आपला मूळ हेतू उलट बळकट होतो.

इतके करूनही एक दिवस मांजर खुद्द मालकालाच चावते. त्या दिवशी सिद्धांत सोडून द्यावा, कारण तो पुढे चालवल्यास त्याचा निष्कर्ष अडचणीचा निघतो. मांजर पोत्यात घालून फुटाळा तलावाच्या पलीकडे सोडून येण्याचा विचार मनात येईल, परंतु प्राण्याला उपाशीतापाशी असे टाकून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे आणि शिवाय मांजरे वाट काढून परतही येतात. त्यापेक्षा सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात द्यावी: ‘बदली झाल्यामुळे, अत्यंत प्रेमळ आणि खेळकर मांजर चांगल्या घरी देणे आहे. लहान मुले असलेल्या कुटुंबास प्राधान्य. झोपायची टोपली, दोन वाडगे आणि एकही पान न वापरलेले लसीकरणाचे कार्ड सोबत मिळेल.’