लेक व्ह्यूचं जुनं घर घेताना

अभिनंदन! तापोळ्याला तराफ्यावर गाडी चढवायची, पलीकडे उतरून दोन खिंडी ओलांडायच्या, आणि मग ते घर: दोनशे वर्षं जुनं, पारंपरिक, नव्याने सजवलेलं, समोर कोयनेचं निळं पाणी. जाहिरातीतल्या फोटोंत जुलैचा एकही नाही म्हणून शंका घेऊ नका. फोटोवाला जुलैत पोचलाच नसेल.

आधी वयाचं बोलू. दोनशे म्हणजे दोनशे, उलटतपासणी नको. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला धरणाचं पाणी चढू लागलं तेव्हा या खोऱ्यातली गावं खाली, नदीकाठी होती. काही लोकांना सोलापूर, रायगड, ठाण्याकडे हलवलं. काही तिथेच डोंगरावर वर सरकले, आणि मोडलेल्या घराचे खांब-तुळया खांद्यावरून वर नेऊन त्यांनी पुन्हा आढं चढवलं. मग 1967च्या 11 डिसेंबरला पहाटे भूकंप झाला. बसलेल्या भिंती परत रचल्या. तेव्हा लाकूड आजोबांचं, भिंती मुलाच्या आणि कमोड गेल्या दिवाळीतला. एजंटाला मात्र यातलं काही विचारू नका. ‘हेरिटेज’ म्हणताना त्याचा गळा दाटून येतो, तो का मोडायचा?

सजावटीला नावं ठेवायला जागा नाही. शेणाने सारवलेली जमीन उखडून तिथे शेणाच्या रंगाच्या टाइल्स बसवल्या आहेत. गोठ्यात मास्टर बेडरूम आहे. वास अजून येतो असं वाटलं तर गवती चहाची अगरबत्ती लावा. जातं भिंतीवर टांगलंय, उखळावर काच ठेवून टीपॉय केलाय. माळ्यावर भात-नाचणीच्या कणग्या असत, तिथे आता वाचनाचा कोपरा. एक बारीकशी गोष्ट: चूल काढून टाकलीय. तिचा धूर वर्षानुवर्षं वाशांना लागायचा, त्यामुळे वाळवी फिरकत नसे. पण धुराने पांढऱ्या भिंती काळ्या होतात, आणि पेस्ट कंट्रोलवाला महाबळेश्वराहून येतोच. कधी येतो, ते तराफ्यावर अवलंबून.

पावसाचंही तसंच. जवळच्या महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि इथे तो वरून कमी, आडवा जास्त येतो. म्हणून जुने लोक पावसाच्या बाजूला आडोशाच्या झडी बांधून पडवी पार झाकून टाकत. चार महिने घरात अंधार. तुमच्या घराला त्या बाजूला जमिनीपासून वाशापर्यंत काच आहे. उजेड भरपूर. गाद्या सप्टेंबरात वाळतील.

आता कागद. घर गावठाणात असेल तर ठीक. भोवतालचं रान हवं असेल तर 1948च्या कूळकायद्याचं कलम 63 आडवं येतं. शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. घाबरू नका. हिंजवडीच्या एकेका मजल्यावर किती भूमिपुत्र बसलेत ते सातबारा शोधायला लागल्यावरच कळतं. तुमचेही कुणीतरी चुलत आजोबा आठवतीलच. शिवाय सरकारने या भागातली 235 गावं ‘नवीन महाबळेश्वर’ या नियोजित थंड हवेच्या ठिकाणासाठी निवडल्यापासून एजंटाच्या खिशात नकाशा असतो. तो तो उलगडत नाही, फक्त खिशावरून हात फिरवतो.

विकणाऱ्याच्या उताऱ्यावर बरीच नावं असतील. सहीला माणसं घणसोली-कोपरखैरण्याहून येतील. या खोऱ्यातला बाप्या मुंबईला माथाडी होऊन जायचा, आता वाशीच्या बाजारात त्याचा मुलगा पोती उचलतो आणि दहा बाय बाराच्या खोलीत चौघांचा संसार करतो. तो तुम्हाला विचारेल, “साहेब, इथं काय करणार तुम्ही? रेंज नाय, दवाखाना नाय, पोरांना शाळा नाय.” त्याला ‘शांतता’ असं उत्तर द्या. तो मान डोलावेल. शांतता म्हणजे काय हे त्याच्या आईला चांगलं ठाऊक होतं. रात्री ताप चढला की लाँच सकाळपर्यंत नसायची.

राखणीला त्याचाच चुलतभाऊ ठेवा, कमी पैशांत राहील. स्वतःच्याच चुलत्याच्या ओटीवर पाहुण्यांच्या बॅगा उचलताना पहिले काही दिवस अवघडेल, मग सवय होईल.

आणि पाहुण्यांना मे महिन्यात बोलावू नका. तेव्हा पाणी ओसरतं, निळ्याच्या जागी भेगाळलेला गाळ दिसतो. खाली दगडांच्या चौकोनी रांगा उघड्या पडतात. कुणी विचारलंच तर राखण्या बोट दाखवून सांगेल, “ते जोतं आमच्या जुन्या घराचं. हे खांब तिथलेच.”

जागा सपाट आहे, पाण्यालाही अगदी लागून. एजंटाला विचारून ठेवा.