स्मारक नंतर, आधी फिती

गदिमांच्या स्मारकावरून पुण्यात वर्षानुवर्षं वाद चालला, आणि अशा वेळी "व्हिएन्नानं शूबर्टचं घर बघा कसं जपलंय!" हे त्या संगीतकाराबद्दलचं ठरलेलं वाक्य येतंच. घर जपलंय, खरं आहे. नुसडॉर्फर श्ट्रासेवरची ५४ नंबरची ही इमारत शहरानं १९०८ मध्ये घेतली, १९१२ मध्ये तिथं संग्रहालय उघडलं. पण कुटुंबानं ते घर सोडलं तेव्हा शूबर्ट चार वर्षांचा होता. पियानोच्या साथीनं गायच्या जर्मन कवितांना, म्हणजे 'लीड'ना, त्यानं दिलेल्या सहाशेच्या आसपास चालींपैकी एकही तिथली नाही.

जपणूक बघायची तर व्हिएन्नाच्या महापालिका भवनातल्या ग्रंथालयात. निकोलाउस डुम्बा या उद्योगपतीनं जमवलेली शूबर्टची हस्तलिखितं १९०० मध्ये मृत्युपत्रानं शहराला मिळाली. त्या काळची शाई मायफळ, हिराकस आणि डिंकाची. तिच्यातलं आम्ल आणि लोह कागद खातात. आधी भोक पडतं ते स्वराच्या भरीव ठिपक्याला, कारण शाई तिथंच दाट. दमट हवेत हे झपाट्यानं होतं, म्हणून थंड खोली, ५० टक्क्यांच्या आत आर्द्रता, ५० लक्सच्या आत उजेड. फाटलं म्हणून ओली खळ लावली तर पाण्याबरोबर लोह पसरून तपकिरी कडं उमटतं. त्यामुळे जिलेटिन लावून वाळवलेला पातळ जपानी कागद जेमतेम ओलसर करून चिकटवतात.

भावगीताची पूर्ण चाल आपल्याकडे बहुधा कागदावर नसतेच. ती ध्वनिमुद्रणात असते, आणि मधले म्युझिक पीस वादकांच्या वह्यांत. त्या वह्या रद्दीत जातात. 'गीतरामायणा'ची ५६ गाणी पुणे आकाशवाणीवरून गेली १९५५-५६ मध्ये. त्या काळच्या ध्वनिमुद्रणाच्या फिती बऱ्याचदा ॲसिटेट या प्लास्टिकच्या. व्हिनेगरसारखा वास आला की समजावं, विघटन सुरू झालंय. पुढच्या काळातली चिकट झालेली पॉलिएस्टर फीत ५० अंशांच्या आसपास काही तास शेकून वाजवता येते. ॲसिटेटची शेकली तर गेलीच. फीत डिजिटल स्वरूपात उतरवायची ती २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर, खरखर तशीच ठेवून. सफाई करायची ती प्रतीवर. एमपीथ्री करून मूळ फीत फेकणारे महाभाग आहेतच!

स्मारकात एक कोरडी, थंड खोली, चालू स्थितीतलं टेप मशीन आणि ते दुरुस्त करणारा पगारी माणूस असेल, तर जागा कुठलीही द्या. नुसतं सभागृह आणि पुतळा असेल, तर तो वाद आणखी दहा वर्षं चालला तरी माझी हरकत नाही. फितींना मात्र तेवढा वेळ नाही.